पाचट ठेवलं, पण युरियाची गोणी कमी केली का? आच्छादन, टनेज आणि हवेत जाणाऱ्या वायूचा एकरी हिशोब

ऊसतोड संपून टोळी पुढच्या फडात गेली की रानात एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पडलेलं असतं, आणि ते बघून बहुतेकांच्या डोक्यात पहिला विचार काडीपेटीचाच येतो, कारण पाणी पुढं सरकत नाही, बगला फोडता (सरीच्या कडा औतानं मोकळ्या करता) येत नाहीत, उंदीर होतात, विंचूकाट्याची भीती असते. दुसरीकडं "पाचट जाळू नका" चे बोर्ड गावोगाव लागलेत, पण न जाळल्यानं नक्की काय वाचतं, टनेजवर (एकरी उसाच्या वजनावर) काय फरक पडतो आणि हवेत जाणारा वायू खरंच कमी होतो का, हे आकड्यात कुणी सांगत नाही. लेख जरा लांब झालाय, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसतं आच्छादन अंथरून उत्सर्जन आपोआप कमी होत नाही, काही रानात तर वाढतंसुद्धा. कमी होतं ते आच्छादनामुळं वाचलेलं पाणी आणि खत तुम्ही खरोखर देणं बंद केलं तर. पाचट ठेवायचं, वर युरिया पहिल्यासारखाच फेकायचा आणि मोटर लाईट असेपर्यंत चालू ठेवायची, असं असेल तर पर्यावरण वगैरे विसरा.

आधी वायू कुठून येतो ते बघू

जाळल्यावर जो धूर दिसतो त्यातला कार्बन डायऑक्साइड हिशोबात धरत नाहीत, कारण तो उसानं त्याच वर्षी हवेतूनच घेतलेला असतो. धरायचे ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशोबानं १ किलो मिथेन म्हणजे २७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि १ किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे २७३ किलोच्या बरोबरीचा. त्यामुळं शेतीत किलोभर नायट्रस ऑक्साइडसुद्धा लई महाग पडतो.

आणि हा नायट्रस ऑक्साइड धुरापेक्षा जास्त मातीतून येतो. आपण युरिया टाकतो, त्याचा अमोनियम होतो, मग नायट्रेट होतं, आणि मातीत पाणी जास्त होऊन हवा कोंडली की जिवाणू ऑक्सिजनसाठी नायट्रेट फोडतात, त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. त्याला तीन गोष्टी लागतात: नायट्रेट, ओल आणि जिवाणूंना खायला कार्बन. आता पाचटाखाली काय काय आहे बघा. ओल आहे, कार्बन आहे, नायट्रेट आपण पुरवतोच. म्हणून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पावसाळी पट्ट्यात, जिथं हिरवा ऊस तोडून पाचट रानातच ठेवायची पद्धत रुळलेली आहे, तिथं ओल्या रानात पाचटाखाली नायट्रस ऑक्साइड वाढलेला अभ्यासकांना दिसलाय. म्हणून पाचट जाळा असा अर्थ कुणी काढू नका, आधी पुढचा हिशोब बघा.

एका एकराचा हिशोब

जागतिक पातळीवर हवामान बदलाच्या हिशोबासाठी जे ढोबळ दर वापरतात तेच इथं घेतलेत, प्रत्येकाच्या रानात थोडं इकडं तिकडं होणारच. पाचट ४ टन धरू.

जाळलं तर साधारण ८० टक्के जळतं, म्हणजे ३,२०० किलो. त्यातून साडेआठ किलोच्या वर मिथेन आणि पाव किलोला थोडा कमी नायट्रस ऑक्साइड. दोन्ही मिळून कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ३०० किलोच्या आसपास. काजळी आणि शेजारच्या घरात जाणारा धूर वेगळा.

ठेवलं तर? पाचटात अर्धा टक्का नत्र असतं, ४ टनात २० किलो. मातीत गेलेल्या नत्रातलं १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातं असा ढोबळ दर आहे, त्यानं कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत होतात ८५ किलो. पाचट कुजवायला जो युरिया टाकतो, ४ टनाला ३२ किलो, त्याचे, युरियातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसकट, अजून ८५. एकूण १७०. म्हणजे जाळण्यापेक्षा १२५-१३० किलोनं फायदा.

आता युरियाची ४५ किलोची एक गोणी घ्या. त्यात २०.७ किलो नत्र, त्याचा नायट्रस ऑक्साइड ८९ किलोच्या बरोबरीचा, आणि युरिया मातीत फुटताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ३३ किलो. झाले १२२. कारखान्यात युरिया बनवताना जळलेला गॅस यात धरलेलाच नाही. म्हणजे पाचट न जाळून जेवढं वाचवलं तेवढं एका जादा गोणीत संपलं की हो! एकरी पाच गोण्या घालणाऱ्याच्या रानातून नुसत्या युरियापोटी ६०० किलो जातात, पाचट जाळण्याच्या दुप्पट, पण त्याचा धूर दिसत नाही म्हणून त्याचे बोर्ड लागत नाहीत.

पाण्याचंही असंच आहे. ५ एचपीची मोटर तासाला साधारण साडेचार युनिट खाते, आपली वीज बहुतेक कोळशाची, युनिटला ०.७ किलोच्या आसपास. सहा तासांची एक पाळी म्हणजे १९ किलो. हंगामात पाच पाळ्या वाचल्या तर ९५ किलो. सोलर पंप असेल तर हा आकडा सोडून द्या.

आता कामाला लागू: तोडीपासून सुरुवात

खोडव्याचं (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाचं) निम्मं काम तोडीच्या वेळीच ठरतं. मुकादमाला आधी सांगून ठेवा की ऊस जमिनीलगत तोडायचा आणि पाचटाचे ढीग घालायचे नाहीत, जागच्या जागी पसरू द्यायचं. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) टोळीवाले जनावरांना नेतात ते नेऊ द्या. कारखान्याचं हार्वेस्टर आलं तर पाचटाची कुट्टी होऊनच पडते, पुढचं काम हलकं होतं.

टोळी गेल्यावर लगेच, चार-पाच दिवसांत, बुडख्यांवरचं (उसाच्या जमिनीलगतच्या खुंटांवरचं) पाचट हातानं किंवा दाताळ्यानं बाजूला सरीत ओढून घ्यायचं. हे काम लोक टाळतात आणि तिथंच फसतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बुडख्यावर पाचटाचा थर राहिला तर खालची माती गार राहते, कोंब उशिरा आणि तुरळक येतात, मग नांग्या (मधे मधे रिकाम्या जागा) पडतात आणि "पाचट ठेवलं म्हणून खोडवा गेला" अशी बदनामी होते. बुडखे धारदार कोयत्यानं मातीच्या लेव्हलला छाटायचे. बुडखा वर राहिला की वरच्या डोळ्यातून कोंब फुटतो, त्याची मुळं मातीत नीट जात नाहीत, तो फुटवा पुढं बारीकच राहतो. जमिनीतल्या डोळ्याचा कोंब जाड येतो, दोन्ही शेजारी शेजारी असतील तर महिन्याभरात लांबूनसुद्धा ओळखता येतो. छाटणीनंतर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन बुडख्यांवर फवारा मारायचा, कापलेल्या जागेतून बुरशी जात नाही.

सरी चार-पाच फुटांची असेल तर पाचट सगळ्या सऱ्यांत बसतं. अडीच-तीन फुटी सरी आणि पाटपाणी असेल तर एक आड एक सरी पाचटानं भरायची आणि मधल्या मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं, नाहीतर पाणी तुंबून शेवटच्या वाफ्याला पोचतच नाही. कुट्टी मशीन भाड्यानं मिळत असेल तर जरूर फिरवा, बारीक झालेलं पाचट मातीला चिकटून लवकर कुजतं, अख्खं पाचट महिनोनमहिने वरच्यावर तरंगत राहतं. अवजाराच्या अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो.

कुजवण्याचं खत का घालायचं

दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर, ही आपल्याकडची शिफारस. ४ टनाला झाले ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. आता मीच वर युरियाच्या नावानं शंख केला आणि इथं युरिया घाला म्हणतोय, तर त्याचं कारण असं की पाचटात कार्बन आणि नत्राचं प्रमाण ८० ला १ असं काहीतरी असतं, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना लागतं २५-३० ला १. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढतात, आणि पहिले दीड-दोन महिने खोडवा पिवळा पडतो. शेतकरी घाबरून अजून दोन गोण्या फेकतो, तेव्हा जिवाणूंची गरज भागलेली असते, आणि ते नत्र सरळ पाण्याबरोबर खाली नाहीतर हवेत. त्यापेक्षा सुरुवातीलाच मोजून दिलेले ३२ किलो परवडले.

फक्त युरिया वाळल्या पाचटावर टाकून तसाच ठेवायचा नाही. पाचटावर युरिया भराभर फुटतो आणि अमोनिया होऊन उडतो, उन्हात तर वासच येतो. पाणी सोडायच्या तासभर आधी टाका, लगेच पाणी द्या. कल्चर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर करून टाकायचं. पहिल्या पाण्यानंतर वाफशावर (चिखल जाऊन नुसती ओल राहिली की) माणसं सरीतून चालवून पाचट पायानं दाबून घ्यायचं, मातीला टेकलं की कुजायला लागतं.

पहारीचं काम

पाचट असलेल्या रानात वरखतं वरून फेकणं म्हणजे पैसे फेकणंच. बुडख्यापासून १०-१५ सेंटीमीटर लांब, १५-२० सेंटीमीटर खोल पहारीनं भोक पाडायचं, फुटाफुटावर एक, त्यात खत टाकून मातीनं बुजवायचं. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरा साधारण १३० दिवसांनी दुसऱ्या बाजूला. दोघं माणसं लागतात, एक पहार मारतो, दुसरा मागून मूठ सोडत जातो, आणि दोघांची लय बसली की काम पटापट सरतं. ड्रीप असेल तर पहार नको, युरिया ८-१० दिवसांनी थोडा थोडा सोडा. एका वेळी कमी नत्र म्हणजे नायट्रेट साचत नाही, साचत नाही म्हणजे नायट्रस ऑक्साइडला माल मिळत नाही, आणि पिकालाही सतत मिळत राहतं.

पाणी कमी करायला धीर लागतो

पाचटाखाली ओल किती दिवस टिकते हे वरून बघून कळत नाही, वरचं पाचट करकरीत वाळलेलं दिसतं आणि हात आपोआप मोटरच्या बटणाकडं जातो. पाचट बाजूला सारून चार-पाच बोटं खोल माती काढा, मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाला चिकटला तर पाणी नको. गोळा झाला पण अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर दोन-तीन दिवसांनी द्या. गोळाच होत नसेल तर आज द्या. रानात चार ठिकाणी बघा, वरच्या बांधाला एक आणि खालच्या बांधाला एक तरी.

काळ्या भारी रानात हे अजून महत्त्वाचं, कारण तिथं पाचटाखाली सतत चिखल राहिला की मुळं गुदमरतात, टनेज पडतं, आणि नायट्रस ऑक्साइडही तिथंच जास्त निघतो. पिकाला जे वाईट तेच हवेलाही वाईट, इथं दोन्हीचं एकच औषध आहे. पाणी साचणाऱ्या रानात चर नसेल तर आधी चर काढा, आच्छादनाचा विषय नंतर.

टनेजवर फरक किती आणि कधी

पहिल्याच खोडव्यात ॲव्हरेज एकदम वाढेल असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. पहिल्या वर्षी बऱ्याचदा बरोबरी होते. फरक दिसतो तो एप्रिल-मेमध्ये कॅनॉलचं आवर्तन लांबलं की. उघड्या रानातल्या उसाची पानं दुपारी गुंडाळतात, पाचटातला ऊस टिकून राहतो, कारण मातीवरून उडून जाणारं पाणी वाचलेलं असतं आणि माती काही अंशांनी गार असते. तण कमी, खुरपणीचा खर्च कमी. भरपूर पाणी असलेल्या नदीकाठच्या रानात टनेजचा फायदा कमीच दिसणार, तिथं तो खतात आणि मजुरीत काढायचा.

खत कधी कमी करायचं? पहिल्या वर्षी नको, जिवाणू नत्र धरून बसलेले असतात. निडव्याला (दुसऱ्या खोडव्याला) किंवा पुढच्या लागणीनंतरच्या खोडव्याला, माती परीक्षण बघून, एक गोणी कमी करा. ४ टन पाचटात २० किलो नत्र म्हणजे तसं एका गोणीइतकंच नत्र असतं, पण ते सगळं एका वर्षात मिळत नाही. पालाश (पोटॅश) मात्र ३० किलोच्या पुढं असतं आणि ते लवकर सुटतं, म्हणून पोटॅशवर आधी हात आखडता घ्यायला हरकत नाही. विश्वास नसेल तर चार सऱ्या पूर्ण डोसच्या ठेवा, बाकी रान एक गोणी कमी, तोडीच्या वेळी दोन्हीकडचे दहा दहा फुटांचे ऊस मोजा आणि वजन करा. शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा हे बरं.

प्लास्टिक मल्चिंगवाल्यांसाठी

टोमॅटो, मिरची, कलिंगड करणाऱ्यांचं गणित वेगळं. सिल्व्हर बाजू वर, काळी खाली, २५ किंवा ३० मायक्रॉन, चार फुटी ४०० मीटरचा रोल. पाच फुटांवर बेड असतील तर एकराला साडेसहा-सात रोल, वजनात ७५ ते ९० किलो. प्लास्टिक बनवतानाच किलोला सुमारे दोन किलो कार्बन डायऑक्साइड गेलेला असतो, म्हणजे १५०-१८० किलो रानात हा प्लास्टिकचा पेपर यायच्या आधीच. पीक संपल्यावर बांधावर पेटवला तर अजून अडीचशे किलो, विषारी धुरासकट.

उत्पन्न मात्र प्लास्टिकखाली चांगलं वाढतं, तण नाही, फळ मातीला लागत नाही, पाणी कमी, सिल्व्हर रंगानं मावा-थ्रिप्सही थोडे बिचकतात. त्यामुळं एकरी उत्सर्जन वाढलं तरी क्रेटमागं कमी होऊ शकतं. पण खालची माती गरम आणि ओली राहते, म्हणून बेसल डोसमध्ये (लागणीआधी घालायच्या खतात) सगळा युरिया कोंबला तर नायट्रस ऑक्साइड वाढणार. बेसलला शेणखत आणि स्फुरद, नत्र ड्रीपमधून, एवढं पाळा.

पेपर बारीक घेऊन पैसे वाचवू नका. चीनमध्ये मक्यापासून कापसापर्यंत लाखो हेक्टरवर पातळ पेपर वर्षानुवर्षं वापरला, तुकडे मातीत राहिले, मुळं आणि पाणी अडायला लागलं, शेवटी २०१७ च्या नव्या मानकात त्यांना किमान १० मायक्रॉनची अट घालावी लागली. आपल्याकडं काढणीनंतर आधी झाडं उपटा, मग कडेची माती मोकळी करून पेपर सकाळी गुंडाळा, दुपारच्या उन्हानं तो ठिसूळ होऊन फाटतो. रोटाव्हेटर त्यानंतरच. उभ्या पेपरवर रोटाव्हेटर घालणारे महाभाग आहेत, त्यांच्या रानात पुढची दहा वर्षं प्लास्टिकचे झेंडे फडकतात.

कुठं आच्छादन करू नये

भाताच्या खाचरात पाणी उभं असताना पेंढा गाडला तर मिथेन वाढतो, कारण बिनहवेच्या चिखलात तो कुजतो. कोकणात, गोव्यात पेंढा ठेवायचा असेल तर पाणी ओसरल्यावर, रब्बीच्या वाल-चवळीला घाला. कपाशीच्या पऱ्हाटीत (वेचणीनंतर उरलेल्या वाळल्या झाडांत) गुलाबी बोंडअळी राहते, अख्खी पऱ्हाटी आच्छादनाला नको, श्रेडरनं बारीक करून कुजवा. २०२२ ला लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनवर गोगलगायींनी जो धुमाकूळ घातला तो आठवत असेल, तसा प्रकार असलेल्या रानात उगवणीच्या वेळी ओलं आच्छादन म्हणजे त्यांना फुकट बिऱ्हाड. हळदीला मात्र सोयाबीनचं कुटार उत्तम. वाळवीच्या रानात पाचट खोडापासून वीतभर लांब ठेवा.

मातीतला कार्बन आणि दारात येणारे एजंट

४ टन पाचटात १.६ टन कार्बन असतो, पण तो सगळा मातीत राहत नाही, वर्ष-दीड वर्षात बहुतेक परत हवेत जातो. दहा टक्के टिकला असं धरलं तर १६० किलो. एका एकराची १५ सेंटीमीटर माती ८०० टनांच्या घरात भरते, म्हणजे सेंद्रिय कर्ब ०.०२ टक्क्यानं वाढला. एवढा फरक प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर दिसतच नाही. म्हणून दरवर्षी तपासून निराश होऊ नका, तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, रानातल्या त्याच जागांवरून नमुना घ्या. आणि निडवा मोडताना खोल नांगरट करून रान महिनाभर उन्हात उघडं टाकलं तर साठवलेल्यातला बराच भाग उडतो, रोटाव्हेटरच्या एका पाळीवर भागत असेल तर भागवा.

हल्ली कार्बन क्रेडिटवाले (उत्सर्जन कमी केल्याचे, कार्बन मातीत साठवल्याचे पैसे देऊ म्हणणारे) गावात येतात, टॅबवर फोटो काढतात, सही घेतात. सही करायच्या आधी विचारा की तुमच्या हिशोबात माझा युरिया धरलाय का, माझ्या मातीचा नमुना घेणार की नुसता नकाशावरून अंदाज, करार किती वर्षांचा, आणि मधे रान नांगरलं किंवा खंडानं दिलं तर दिलेले पैसे परत मागणार का. ते कुठल्या पानावर लिहिलंय ते त्याच्याच बोटानं दाखवायला सांगा.